आधी दुकान पारखावे, मग यंत्र घ्यावे



काजूची बोंडे गळू लागण्यापूर्वी बागेतले गवत साफ व्हावे लागते. नाहीतर पडलेली बी गवतात हरवते, वेचणाऱ्यांचा दिवस शोधण्यातच जातो, आणि जनावराची भीती असते ती वेगळीच. पूर्वी हे काम कोयत्या-विळ्याने चार-पाच माणसे करीत. आता माणसे मिळत नाहीत, म्हणून घरोघरी पेट्रोलवर चालणारा ग्रासकटर आला. त्याच्या पाठोपाठ फवारणीचा पंप आला, कोळपणीचा पॉवर वीडर आला, झाडे तोडायची चेनसॉ आली. यंत्रे आली खरी, पण नेमकी हंगामाच्या तोंडावर ती बंद पडतात, आणि मग दुकानाच्या खेपा सुरू होतात.

हे आम्ही ऐकीव सांगत नाही. दोन वर्षांपूर्वी आमचाच ग्रासकटर जानेवारीत बंद पडला. घेऊन आठच महिने झाले होते. दुकानात नेला तर "मिस्त्री बुधवारी येतो" असे उत्तर मिळाले. तीन बुधवार गेले. नंतर "कंपनीकडून भाग आला नाही" असे सांगण्यात आले. शेवटी "तुम्ही ऑइल चुकीचे घातले, गॅरंटी लागू होत नाही" असे ऐकून घ्यावे लागले. तोवर बी पडू लागली होती. दुप्पट मजुरी देऊन गवत कापून घेतले. पुढे दुसऱ्या गावच्या एका मिस्त्रीने यंत्र उघडले तेव्हा कळले, की पेट्रोलची नळी कडक होऊन तडकली होती आणि कार्बोरेटरमधला पातळ पडदा, म्हणजे डायफ्राम, आखडला होता. दोन्ही भाग काहीशे रुपयांचे, आणि आमचे नुकसान मात्र हजारांचे.

दोष कोणाचा? थोडा आमचा होता, कारण पावसाळाभर आम्ही टाकीत पेट्रोल तसेच ठेवले होते. बराचसा दुकानदाराचा होता, कारण साधे भाग त्याने ठेवले नव्हते, यंत्र ठेवून घेतल्याची चिठ्ठीही दिली नव्हती आणि तीन आठवडे खरे उत्तर दिले नव्हते. या अनुभवातून आम्ही जे शिकलो, आणि नंतर विचारपूस करून जी माहिती मिळविली, ती येथे देत आहोत.

दर्जा खरोखरच घसरला आहे काय?

"पूर्वीची यंत्रे दणकट होती" असे जुनी माणसे म्हणतात. त्यात तथ्य आहे, पण ते नीट समजून घेतले पाहिजे.

आपल्या बेळगावात १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलींचे दुकान काढले. पुढे ते कडबा कापायची यंत्रे आणि लोखंडी नांगर बनवू लागले, आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. त्या काळी नांगर बनवणारा आणि नांगर चालवणारा एकाच मुलखातले होते. काही मोडले तर बनवणाऱ्याच्या दारात जाता येत असे. आजच्या लहान यंत्राची गोष्ट निराळी आहे. बऱ्याचदा इंजिन परदेशात बनते. ते आयात करणारा व्यापारी त्यावर आपल्या नावाची पट्टी चिकटवतो. त्याचा माल घाऊक विक्रेत्याकडे जातो आणि तेथून आपल्या तालुक्याच्या दुकानात येतो. एकाच कारखान्यातले इंजिन चार नावांनी विकले जाते. उद्या त्या व्यापाऱ्याने ते नाव सोडून दुसरे धरले, की पहिल्या नावाचे सुटे भाग मिळेनासे होतात. यंत्र चांगले असूनही ते मग भंगारात जाते.

स्वस्ताईच्या चढाओढीत काही भाग खरोखरच हलके झाले आहेत. जिथे धातू होता तिथे प्लास्टिक आले. जिथे बेअरिंग असायला हवे तिथे नुसता बुश असतो. क्लचच्या स्प्रिंगा लवकर ढिल्या पडतात. स्टार्टरची दोरी गुंडाळणारी चकती एका झटक्यात फुटते. शिवाय सीसीच्या आकड्याचा मोह आहे. सीसी म्हणजे इंजिनच्या नळकांड्यात दट्ट्याने व्यापलेल्या जागेचे माप. पट्टीवर ५२ लिहिले म्हणजे आत ५२ असतेच असे नाही, आणि असले तरी त्यावरून टिकाऊपणा कळत नाही. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, असा प्रकार येथे पुष्कळ चालतो.

पण सगळा दोष कारखानदारावर ढकलून चालणार नाही. दुकानात शिरताच आपला पहिला प्रश्न कोणता असतो? "कमीत कमी कितीला बसेल?" सुटे भाग मिळतील का, मिस्त्री आहे का, हे आपण विचारीत नाही. जे विचारले जात नाही ते दुकानदार ठेवीत नाही. या घसरणीत आपणही थोडे वाटेकरी आहोत.

बिघाड यंत्राचा, इंधनाचा की आपल्या हाताचा?

दुकानदाराशी भांडायला जाण्यापूर्वी आपली बाजू स्वच्छ असावी. गॅरंटी नाकारण्यासाठी बहुतेक वेळा एकच कारण पुढे केले जाते: "तुम्ही नीट वापरले नाही." ते कारण त्याच्या हाती देऊ नये.

पहिली गोष्ट ऑइलची. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मिसळावे लागते. पुस्तिकेत १:५० लिहिले असेल तर एक लिटर पेट्रोलला २० मिलिलिटर ऑइल. १:२५ लिहिले असेल तर ४० मिलिलिटर. बाटलीच्या झाकणाने अंदाजे घालू नये, औषधाच्या मापाने मोजून घालावे. ऑइल कमी पडले तर पिस्टन जाम होतो आणि इंजिन कायमचे जाते. जास्त झाले तर धूर होतो, प्लग काळा पडतो आणि धूर जाण्याचे तोंड काजळीने बुजते. फोर-स्ट्रोक इंजिनात मात्र पेट्रोलमध्ये ऑइल मुळीच मिसळायचे नाही. त्याचे इंजिन-ऑइल वेगळे असते. त्याची पातळी रोज काम सुरू करण्यापूर्वी पाहावी आणि पुस्तिकेत दिलेल्या तासांनी ते बदलावे. घरात दोन्ही प्रकारची यंत्रे असतील तर पेट्रोलचे डबे वेगळ्या रंगाचे ठेवावेत.

दुसरी गोष्ट पेट्रोलची. हे कारण नवे आहे आणि पुष्कळांच्या ध्यानात आलेले नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल विकण्यास आपल्या देशात सुरुवात झाली, आणि २०२५ मध्ये ते जवळजवळ सर्वत्र पोहोचले. हे इथेनॉल आपल्याच उसाच्या रसापासून व मळीपासून, तसेच मका आणि तांदळापासून बनते. उसाला त्यामुळे गिऱ्हाईक मिळाले हे चांगलेच झाले. पण इथेनॉल हवेतला ओलावा शोषून घेते. ओलावा फार झाला तर पाणी आणि इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी वेगळे बसतात, आणि इंजिनला नेमके तेच मिळते. शिवाय साध्या रबराच्या नळ्या आणि डायफ्राम त्याने फुगतात, मग वाळून कडक होतात. मोटारसायकल रोज चालते, तिच्या टाकीतले पेट्रोल संपत राहते. ग्रासकटर मात्र चार महिने कोपऱ्यात उभा असतो, आणि तोही आपल्या दमट पावसाळ्यात. म्हणून लहान यंत्रांना हा त्रास अधिक होतो.

त्यावर उपाय सोपे आहेत. पेट्रोल दोन-तीन आठवड्यांत संपेल एवढेच आणावे व घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे. हंगाम संपला की टाकी रिकामी करावी, आणि इंजिन सुरू करून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यावे, म्हणजे कार्बोरेटरही कोरडा होतो. मग प्लग काढून त्या भोकात चार-पाच थेंब ऑइल सोडावे, दोरी दोनदा सावकाश ओढावी आणि प्लग परत लावावा. नळी किंवा डायफ्राम बदलताना "ई-२० पेट्रोलला चालणारा द्या" असे स्पष्ट सांगावे.

तिसरी गोष्ट रोजच्या निगेची. कोरड्या दिवसांत एअर फिल्टर रोज झाडावा. स्पंजाचा असेल तर साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवून लावावा. ग्रासकटरच्या दांड्याच्या टोकाला गियरची पेटी असते. तिच्यात साधारण २० ते २५ तासांच्या कामानंतर ग्रीस भरावे लागते. हे न केल्यामुळे पेटी तापून जळते, आणि आपण म्हणतो माल खराब!

यंत्र सुरू होत नसेल तर दुकानात नेण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. एक, ताजे पेट्रोल घालून पाहावे. दोन, एअर फिल्टर काढून घाण आहे काय ते पाहावे. तीन, प्लग काढून पाहावा. तो ओला असेल तर पुसून वाळवावा, काळा असेल तर साफ करावा. एवढ्यात चालू झाले तर खेप वाचली. न झाल्यास दोरी ओढून पाहावी. दोरी अगदी सैल जात असेल, हाताला काहीच अडत नसेल, तर बिघाड आतला आहे. मग स्वतः खोलाखोल करू नये. गॅरंटीच्या मुदतीत तर मुळीच करू नये, कारण बाहेर उघडलेल्या यंत्राची गॅरंटी नाकारण्यास दुकानदाराला निमित्त मिळते.

घेण्यापूर्वी दुकानदाराला काय विचारावे?

यंत्र एकदाच घ्यायचे असते, पण दुकानाशी गाठ पाच-सात वर्षांची असते. म्हणून यंत्राचा विचार करण्यापूर्वी दुकान पारखावे. त्यासाठी पुढील प्रश्न विचारावेत.

१. प्लग, एअर फिल्टर, पेट्रोलची नळी, डायफ्रामचा संच, स्टार्टर आणि क्लच हे सहा भाग या घडीला दुकानात आहेत काय? "मागवून देतो" हे उत्तर पुरेसे नाही. भाग फळीवरून काढून दाखवायला सांगावे आणि त्यांच्या किमती लिहून घ्याव्यात.

२. दुरुस्ती येथेच होते की शहरात पाठवता? मिस्त्री रोज असतो की आठवड्यातून एकदा येतो?

३. या कंपनीचा माल आपण किती वर्षे विकता? याच गावात कोणी घेतला आहे? त्या घरी जाऊन स्वतः विचारावे. दुकानदाराच्या दहा शब्दांपेक्षा जुन्या गिऱ्हाइकाचा एक शब्द मोलाचा असतो.

४. गॅरंटी कशाकशाची आहे, किती महिन्यांची, आणि कशाची नाही? पाते, प्लग, दोरी असे झिजणारे भाग बहुधा गॅरंटीत नसतात. ते आधीच ठाऊक असावे.

५. यंत्राच्या सरकारी चाचणीचा अहवाल आहे काय? शेतीच्या यंत्रांची चाचणी करणारी केंद्र सरकारची संस्था मध्य प्रदेशात बुदनी येथे १९५५ पासून आहे. अशा संस्थांच्या अहवालात इंजिनची खरी ताकद, इंधनाचा खप, आवाज आणि हादरे यांची मोजमापे असतात. अनुदानावर घेताना तर हा अहवाल जरूर मागावा.

६. यंत्र दुकानातच चालू करून दाखवाल काय? गार इंजिन दोन-चार ओढीत सुरू व्हायला हवे. आधीच तापवून ठेवलेले यंत्र कोणाच्याही हाताने सुरू होते, म्हणून इंजिनला हात लावून पाहावा.

टपालाने किंवा मोबाइलवरून मागवलेले यंत्र हजार-दोन हजारांनी स्वस्त पडते. पण तालुक्यातला दुकानदार त्याला हात लावायला बहुधा तयार नसतो. जवळपास भाग आणि मिस्त्री असल्याची आधी खात्री असेल तरच तसे घ्यावे.

कागद हाच साक्षीदार

आपल्यापैकी पुष्कळजण बिल न घेता दोनशे रुपये वाचवतात आणि पुढे वीस हजार गमावतात. बिल हा आपला पहिला साक्षीदार. त्यावर दुकानाचे नाव, तारीख, कंपनी, मॉडेल आणि इंजिनचा नंबर असावा. बिल न देणे ही ग्राहक कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरते, म्हणून मागायला संकोच नको. गॅरंटीच्या कार्डावर त्याच दिवशी शिक्का आणि सही घ्यावी. दुरुस्तीला यंत्र दिले की "मिळाले" अशी तारखेची चिठ्ठी घ्यावी. तक्रार काय आहे आणि परत कधी देणार, हे तिच्यावर लिहून घ्यावे. बदललेला जुना भाग परत मागावा.

घरी एक वही ठेवावी. कोणत्या दिवशी किती तास काम केले, ऑइल कधी बदलले, ग्रीस कधी भरले, बिघाड कधी झाला, हे दोन ओळींत लिहावे. शाळेत जाणारी मुलगी किंवा मुलगा हे आवडीने करतो. "तुम्ही निगा राखली नाही" असे कोणी म्हणाले तर ही वही पुढे ठेवता येते.

दुकानदार दाद देत नाही तेव्हा

चढत्या पायऱ्यांनी जावे. एकदम शेवटच्या पायरीवर उडी मारू नये, आणि पहिल्याच पायरीवर हंगाम संपेपर्यंत बसूनही राहू नये.

पहिली पायरी बोलण्याची. शांतपणे बोलावे, चारचौघांत आवाज चढवू नये. लहान दुकानदारही कंपनीपुढे अडलेला असू शकतो. त्याला आठ दिवसांची मुदत द्यावी.

दुसरी पायरी पत्राची. मुदत टळली तर लेखी द्यावे. पत्र साधे असावे, असे:

"आपल्या दुकानातून अमुक तारखेस अमुक बिलाने ग्रासकटर घेतला. इंजिन नंबर अमुक. अमुक तारखेस तो बंद पडला व त्याच दिवशी आपल्याकडे दिला. गॅरंटीची मुदत अमुक तारखेपर्यंत आहे. आजवर दुरुस्ती झालेली नाही. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत दुरुस्त करून द्यावा अथवा बदलून द्यावा. यंत्र मी स्वतःच्या शेतीसाठी व उदरनिर्वाहासाठी घेतले आहे."

दोन प्रती कराव्यात. एकीवर दुकानदाराची सही घ्यावी. तो सही देत नसेल तर पोचपावतीसह स्पीड पोस्टने पाठवावे. तशीच एक प्रत कंपनीच्या पत्त्यावर पाठवावी. तो पत्ता पुस्तिकेत किंवा यंत्राच्या खोक्यावर छापलेला असतो. पुष्कळदा एवढ्यानेच काम होते. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते, कागदाला मात्र उत्तर द्यावे लागते.

अनुदानावर घेतलेले यंत्र असेल तर आणखी एक प्रत शेतकी खात्याला द्यावी: कर्नाटकात रयत संपर्क केंद्रात, गोव्यात विभागीय कृषी कार्यालयात, महाराष्ट्रात तालुका कृषी अधिकाऱ्याकडे. अनुदान मिळाले म्हणून गॅरंटी कमी होत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

तिसरी पायरी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनची. तिचा क्रमांक १९१५ आहे आणि मराठीतही बोलता येते. तेथे तक्रार नोंदवून कंपनीकडे पाठवली जाते आणि आपल्याला नोंदणीचा क्रमांक मिळतो. हा न्यायनिवाडा नव्हे, समेटाचा प्रयत्न आहे. शेतीच्या यंत्रांचे सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती ग्राहकाला मिळावी म्हणून केंद्र सरकारने २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळही सुरू केले आहे. घरातल्या शिकलेल्या मुलांकडून ते पाहून घ्यावे.

चौथी पायरी जिल्हा ग्राहक आयोगाची. ग्राहक संरक्षणाचा पहिला कायदा १९८६ साली झाला. त्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आला. त्यातल्या काही गोष्टी शेतकऱ्याच्या फार उपयोगाच्या आहेत.

पहिली गोष्ट सीमाभागातल्या लोकांसाठी. आपण राहतो खानापूर-बेळगावकडे, पण खरेदी कधी कोल्हापूरला, कधी मडगावला करतो. जुन्या कायद्यात बहुधा दुकानदाराच्या गावी जाऊन दाद मागावी लागे. आता आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगातही तक्रार करता येते.

दुसरी गोष्ट खर्चाची. वस्तूसाठी दिलेली रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर आयोगात फी नाही. वकील लावलाच पाहिजे असेही नाही, स्वतः उभे राहून सांगता येते. ५० लाखांपर्यंतच्या खरेदीची तक्रार जिल्हा आयोगातच चालते, म्हणजे आपली बहुतेक यंत्रे त्यात बसतात.

तिसरी गोष्ट मुदतीची. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. "उद्या देतो, परवा देतो" यात वर्षे घालवू नयेत. प्रयोगशाळेतील तपासणी लागत नसेल तर तीन महिन्यांत आणि लागत असेल तर पाच महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात वेळ अधिकही लागू शकतो, हे मनात धरून चालावे.

"शेतकरी हा ग्राहकच नव्हे, तो तर धंद्यासाठी यंत्र घेतो" असा बचाव कधी कधी केला जातो. त्याला घाबरू नये. स्वतः कष्ट करून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू कायद्याने व्यापारी कामासाठीची मानली जात नाही. बियाण्यांच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली शेतकऱ्यांना ग्राहक मानून त्यांची दाद योग्य ठरवली आहे. म्हणूनच वरच्या पत्रात ते शेवटचे वाक्य घातले आहे.

जिवाची काळजी

हलक्या यंत्राची आणि बेफिकीर दुरुस्तीची किंमत नेहमी पैशातच मोजावी लागते असे नाही. ग्रासकटरच्या पात्याला मागे आडोसा असतो. "अडचण होते" म्हणून तो काढून टाकण्याची खोड पुष्कळांना आहे. काही दुकानदार तर तो देतही नाहीत. आडोसा, डोळ्यांचा चष्मा आणि खांद्याचा पट्टा घेतल्याशिवाय दुकानातून पाय काढू नये. फिरत्या पात्याने उडालेला खडा डोळा घेऊन जाऊ शकतो. काम चालू असता कोणालाही, विशेषतः मुलांना, १५ मीटरच्या आत येऊ देऊ नये.

दुरुस्तीहून आलेले यंत्र लगेच कामाला लावू नये. पाते नीट बसले आहे काय ते इंजिन बंद असताना पाहावे. ग्रासकटरच्या पात्याचे नट बहुधा उलट्या आट्याचे असते. नेहमीच्या दिशेने पिळले की ते घट्ट होण्याऐवजी सैल होते. नवख्या मिस्त्रीकडून येथे चूक होते. इंजिन मंद चालू असताना पाते फिरता कामा नये. फिरत असेल तर क्लच किंवा कार्बोरेटरची जुळणी बिघडली आहे. ते यंत्र तसेच परत न्यावे.

बहुतेक पेट्रोल ग्रासकटरांचा आवाज चालवणाऱ्याच्या कानाशी ९० डेसिबलच्या वर जातो. रोज तासन्‌तास असा आवाज ऐकला तर कान हळूहळू कायमचे मंद होतात. कानांत बोळे किंवा कानटोप वापरावा. मुठीच्या खालचे हादरा शोषणारे रबर झिजले, की हादरे सरळ हातात येतात. बोटे बधिर होणे, मुंग्या येणे, बोटांची टोके पांढरी पडणे ही त्याची लक्षणे आहेत. असे झाल्यास ते रबर बदलावे, अर्ध्या-पाऊण तासाने विश्रांती घ्यावी, आणि त्रास राहिला तर डॉक्टरांना दाखवावे.

एकट्याचे काम नव्हे

शेवटी एक गोष्ट सुचवावीशी वाटते. एका वाड्यावर दहा घरी दहा कंपन्यांचे ग्रासकटर असतात. एकाचा भाग दुसऱ्याला बसत नाही, आणि दहाही जण दुकानदारापुढे एकेकटे उभे असतात. अडला हरी गाढवाचे पाय धरी, अशी आपली गत होते. त्याऐवजी पाच-सहा घरांनी मिळून एकाच कंपनीची, एकाच मॉडेलची यंत्रे घेतली तर काय होईल? भाव करताना वजन पडेल. नळी, डायफ्राम, प्लग, स्टार्टर यांचा एकेक जादा संच मिळून ठेवता येईल. एकाचे यंत्र बंद पडले तर दुसऱ्याचे चार तास मागता येईल. आणि दुकानदारालाही कळेल की एक गिऱ्हाईक दुखावले तर सहा जातील. आपल्यातल्या एखाद्या हुशार मुलाला चांगल्या मिस्त्रीच्या हाताखाली दोन-तीन महिने ठेवले, तर बुधवारची वाटही पाहावी लागणार नाही.

चांगली सेवा देणारे दुकानदारही आहेत, हे सांगितले पाहिजे. असा माणूस भेटला तर शंभर-दोनशे रुपयांसाठी त्याला सोडू नये. हंगामाच्या आदल्या दिवशी त्याच्याकडे धावण्यापेक्षा ऑक्टोबरातच यंत्र तपासायला न्यावे. तेव्हा त्याच्याकडे गर्दी नसते आणि भाग मागवायलाही वेळ मिळतो. आम्ही गेली दोन वर्षे असेच करीत आहोत. यंदा आमच्या बागेतले गवत जानेवारी संपण्यापूर्वी निघाले होते, आणि पहिली बी पडली ती मोकळ्या जमिनीवर.